शुक्रवारी मत बदलायची मुभा द्या

प्रति,
सीएसआर समित्यांचे सदस्य आणि संचालक,
कुपवाड, मिरज व पलूस औद्योगिक वसाहतींतील उद्योग,
जि. सांगली

विषय : प्रस्ताव मंजूर करण्याआधी संस्थांना एक आठवडा देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मार्च महिन्यात तुमच्याकडं येणं म्हणजे लग्नसराईत आचाऱ्याकडं जाणं. समोरचा माणूस वाईट नसतो, पण त्याचं निम्मं लक्ष ३१ तारखेकडं असतं. अशाच एका मार्चमध्ये मी एका कंपनीच्या ऑफिसात बसले होते. सीएसआर, म्हणजे कंपनीनं नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च, बघणाऱ्या साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला. एक्सेलमध्ये चार रकाने होते : काय देणार, लाभार्थी किती, पूर्ण कधी, फोटो कुठं मिळतील. "मॅडम, पहिला रकाना भरा, बाकीचं मी बघतो," म्हणाले. संस्थेचे सचिव माझ्याबरोबर होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी टाइप केलं : पूरसूचना मोबाइल अ‍ॅप.

ते अ‍ॅप कुणी मागितलं नव्हतं. नदीकाठच्या एकाही माणसाला आम्ही विचारलं नव्हतं. पण 'अ‍ॅप' लिहिलं की रकाना भरतो, एवढं मला कळत होतं. त्यामुळं या पत्रात जी तक्रार आहे, ती तुमच्याइतकीच माझीही आहे असं समजून वाचा.

मी बरीच वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत डिझाइनचं काम केलं. आता विश्रामबागला राहते आणि छोट्या संस्थांसाठी डिझाइन स्प्रिंट चालवते. 'म्हणजे वर्कशॉप घेता का?' असं लोक विचारतात. सुरुवातीला मी समजावून सांगायचे, आता 'हो' म्हणून मोकळी होते. तुम्हाला मात्र नीट सांगायला हवं, कारण पुढची सगळी मागणी त्यावर उभी आहे.

स्प्रिंट म्हणजे वस्तू बनवण्याआधी पाच दिवसांत उपाय शोधून तो खऱ्या माणसांवर तपासायची पद्धत. ती जेक नॅप या डिझायनरनं गुगलमध्ये असताना २०१० मध्ये सुरू केली. २०१२ पासून गुगल व्हेंचर्समध्ये, म्हणजे गुगलच्या गुंतवणूक शाखेत, नव्या कंपन्यांबरोबर वापरता वापरता ती पाच दिवसांच्या साच्यात बसली. एक खोली आणि फार तर सात माणसं. सोमवारी प्रश्नाचा नकाशा भिंतीवर काढायचा. मंगळवारी प्रत्येकानं एकट्यानं, न बोलता, कागदावर उपाय रेखाटायचा. बुधवारी त्यातला एक निवडायचा. गुरुवारी त्याचा नुसता देखावा उभा करायचा, समोरून वाडा आणि मागं बांबू. नाट्यपंढरी सांगलीत राहणाऱ्यांना हे जास्त सांगायला नको. आणि शुक्रवारी तो देखावा पाच खऱ्या माणसांच्या हातात द्यायचा, आणि आपण गप्प बसायचं.

पाचच का, असा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. याकोब नील्सन यांनी वापरसुलभतेच्या, म्हणजे वस्तू वापरायला किती सोपी ते बघणाऱ्या, चाचण्यांवरून मांडलेला हिशेब असा आहे की, पाच माणसांवर तपासलं की सुमारे ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात, नंतर तेच तेच ऐकू येतं. हा हिशेब संगणकाच्या पडद्यांचा आहे आणि पाचही जण एका प्रकारचे असतील तरच तो लागू होतो. दोन म्हशीवाले, दोन भाडेकरू आणि एक आजी असा मेळ घातला तर ते पाच होत नाहीत. आम्ही हे चुकून शिकलो.

कंपन्यांना स्प्रिंट हवा असतो तो पैसे आणि वेळ वाचवायला. संस्थांना त्याची गरज मला याहून मोठी वाटते. तुमचा पंप किंवा व्हॉल्व्ह चुकीचा निघाला तर गिऱ्हाईक तो परत पाठवतं, फोनवर शिव्या देतं, पुढच्या वेळी दुसऱ्याकडं जातं. संस्थेनं चुकीची वस्तू दिली तर घेणारा हात जोडतो आणि "लई चांगलं केलं" म्हणतो. फुकट दिलेली वस्तू परत येत नाही, ती माळ्यावर जाते. तुमच्या अहवालात तिची नोंद 'वाटप पूर्ण' अशी होते. ही माळ्यावरची वस्तू आधीच दिसावी म्हणून तो शुक्रवार.

तर ते अ‍ॅप. मंजुरी आली, पैसे आले. मी सचिवांना म्हटलं, करायचंच आहे तर आधी एक स्प्रिंट करू. ते निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना 'सर' म्हणतात. मे महिन्यात पाच दिवस काढले. ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. खाली गिरणी सुरू झाली की भिंत थरथरायची आणि तिच्यावर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या गळून पडायच्या, मग आम्ही त्या टाचणीनं टोचल्या. बुधवारी उपाय निवडायच्या मतदानाला रंगीत ठिपके लागतात, आवडलेल्या चित्रावर चिकटवायला. ते सांगलीत कुठं शोधायचे म्हणून एक कार्यकर्ती बांगड्यांच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं घेऊन आली. तेव्हापासून आमच्या सगळ्या स्प्रिंटमध्ये टिकल्याच चालतात. स्वस्त पडतात आणि चिकटतातही चांगल्या.

मंगळवारी एक खेळ असतो, आठ मिनिटांत आठ चित्रं. पुराच्या वेळी बोट चालवणारा एक मुलगा आमच्यात होता. "मला चित्र येत न्हाई," म्हणून तो पहिली दोन मिनिटं नुसता बसून राहिला. मग त्यानं काहीबाही काढलं. आठव्या चौकटीत एक दार होतं, दाराला उंबरा, उंबऱ्याला टेकलेली पाण्याची रेघ आणि शेजारी लिहिलेलं : 'आयर्विन = ?'

सांगलीबाहेरच्या कुणाला या चित्राचा अर्थ लागणार नाही. इथं पाऊस लागला की कुणी 'कृष्णेची पातळी किती' असं विचारत नाही, 'आयर्विनला किती फूट?' असं विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल, त्याच्यावर रंगवलेले आकडे. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. टीव्हीवर कोयना धरणातून किती हजार क्युसेक सोडले ते सांगतात, मोबाइलवर आयर्विनचे फूट येतात, आणि कर्नाळ रोडवरची बाई या दोन्ही आकड्यांकडं बघून विचारते, 'म्हणजे माझ्या दारात कधी?' त्या मुलानं तेवढंच काढलं होतं.

बुधवारी दोन उपायांना टिकल्या जास्त पडल्या. एक अ‍ॅप. दुसरा, दाराच्या आत चिकटवायचं एक कार्ड : आयर्विनला इतके फूट झाले की गॅस आणि गाडी हलवा, इतके झाले की कागदपत्रं आणि औषधं पिशवीत, इतके झाले की निघा. सरांनी शेवटी मत द्यायचं असा नियम आम्ही आधीच घातला होता. सरांची टिकली पहिली पडली असती तर बाकीच्यांच्या टिकल्या तिच्याभोवती गोळा झाल्या असत्या, हळदीकुंकवासारख्या. दोन्ही उपाय शेजारी शेजारी तपासायची सोय स्प्रिंटमध्ये असते. गुरुवारी मी फोनवर अ‍ॅपची नुसती चित्रं लावली, बोट लावलं की पुढचं चित्र येतं एवढंच. कार्ड झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून आणलं.

शुक्रवारी आम्ही लोकांच्या घरी गेलो. ऑफिसात बोलावलं की माणूस इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि उत्तरंही इस्त्रीचीच देतो.

पहिले होते दूध घालणारे एक काका, चार म्हशी. अ‍ॅपचा फोन हातात घेतला आणि तसाच नातवाकडं दिला. कार्ड मात्र उजेडात धरून बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "ह्यात माणसांनी कवा निघायचं ते लिव्हलंय. म्हशींचं काय?" मी गप्प बसायचं विसरले आणि म्हटलं, "माणसं आधी ना काका." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला माझी सगळी वर्षं पुण्यात गेल्याचं जाणवलं. "म्हशी हलल्याबिगर माणूस हलत न्हाई, पोरी. म्हशी चालत न्यायच्या तर रस्त्यावर पाणी यायच्या आदुगर न्याव्या लागत्यात. तुमची बोट आली तरी ती म्हशीच्या काय कामाची?" त्या एका वाक्यानं कार्डावरचा क्रम उलटा झाला. जनावरं पहिल्या ओळीत गेली. कुठं न्यायची तेही लिहायला हवं होतं, आणि ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

एका भाडेकरू मुलाला अ‍ॅप आवडलं. कधी उघडशील, असं विचारलं. "पूर आल्यावर." लाइट गेलेली असेल, रेंजही नसेल, असं म्हटल्यावर तो स्वतःच हसला. एका ताईंचा फोन दिवसभर नवऱ्याकडं असतो. आणखी एक जण शेवटच्या क्षणी लग्नाला गेले, त्यांच्या जागी शेजारीण आली. अशा गोष्टी होतात.

शेवटचं घर एका आजोबांचं. त्यांच्या भिंतीवर तीन रेघा होत्या, २००५, २०१९ आणि २०२१. मधली सगळ्यात वर, फोटोंच्या खिळ्यापाशी. आमचं कार्ड त्यांनी त्या रेघांशेजारी धरलं आणि म्हणाले, "हे आकडे तुमच्या ऑफिसाचे. माझ्याकडं पाणी नदीकडनं येतच न्हाई, मागच्या नाल्यातनं वर येतं. पुढच्या गल्लीच्या आदी माझ्या मोरीतनं." नात शेजारी उभी होती, नववीतली असावी. ती सहज म्हणाली, "मग फुटाचा आकडा छापू नका ना. कोरं ठेवा. आम्ही भरतो."

खाली उतरताना बोट चालवणारा मुलगा मला काही बोलला नाही, पण तो खुशीत होता. त्याच्या चित्रात प्रश्नचिन्हच होतं. ते पुसून तिथं आकडा घातला होता आम्ही.

सोमवारी मी साहेबांना फोन केला. अ‍ॅप नको, कार्ड करू. त्यावर कोरी जागा ठेवू आणि कार्यकर्ते घरोघरी बसून ती भरून घेतील. उरलेल्या पैशांत जनावरांसाठी उंचावरची जागा शोधू, असं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. खरं सांगते, त्यांना पटलंही. पण म्हणाले, "मॅडम, मंजुरी अ‍ॅपला आहे. बदलायचं म्हणजे परत बोर्डापुढं. पुढची बैठक ऑगस्टमध्ये." ऑगस्ट म्हणजे नदीचाही महिना.

अ‍ॅप झालं. फीत कापली, फोटो आले. कार्ड आम्ही वर्गणी काढून छापलं, जमली तेवढीच. त्या पावसाळ्यात पाणी वस्तीत शिरलं नाही, त्यामुळं कार्डानं कुणाला वाचवलं असं मी म्हणणार नाही. पण ती आजही दारामागं आहेत आणि त्यांच्यावर बॉलपेननं लिहिलेले वेगवेगळे आकडे आहेत, एकाच गल्लीत तीन-चार तऱ्हेचे. अ‍ॅप माझ्याही फोनमध्ये आहे. हे पत्र लिहिण्यासाठी म्हणून ते काल उघडलं, तर ते आधी अपडेट मागत होतं.

आता तुमच्याबद्दल. स्प्रिंटमध्ये एका माणसाला 'डिसायडर' म्हणतात, ज्याचा शब्द शेवटचा. तो खोलीत नसेल तर स्प्रिंट करू नका, असं ही पद्धत बनवणारेच सांगतात. आमचा समज होता की आमचे डिसायडर सर आहेत. सर नव्हते. डिसायडर तो एक्सेलचा रकाना होता आणि तो मार्चमध्येच भरून बंद झाला होता. शुक्रवारी आम्हाला जे कळलं, ते वापरायचा अधिकार खोलीतल्या कुणालाच नव्हता. शहाणं होण्यासाठी पाच दिवस घालवायचे आणि सहाव्या दिवशी शहाणपण खिशात ठेवून जुनंच काम करायचं, हे संस्थांच्या अंगवळणी पडलंय. तुमच्या पैशांवर चालणाऱ्या माणसांना तुमच्याशी खोटं बोलायची सवय लागते, ही मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते.

कायदा आडवा येतो, असं तुमच्यापैकी काही जण म्हणतील. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ तुम्हाला मी सांगावं असं नाही. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर खर्च करायचे, हे तुमच्या हिशेबनीसाला तोंडपाठ असतं. पण त्याच नियमांतल्या दोन गोष्टी बैठकीत कुणी काढताना मी ऐकल्या नाहीत. प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे खरी. पण २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांतली व्याख्या असं सांगते की, एखाद्या ठरावीक प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च त्या पाच टक्क्यांत धरायचा नाही. स्प्रिंट म्हणजे आखणीच. दुसरं, प्रकल्प एका वर्षापलीकडं चालणारा म्हणून मंजूर केला असेल तर शिल्लक रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. मार्चची घाई ही निम्मी सवयीची आहे. आणि ज्या कंपन्यांची बंधनकारक रक्कम ५० लाखांच्या आत आहे, त्यांना तर समितीचीही सक्ती नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. आपल्या जिल्ह्यात अशा कंपन्या बऱ्याच असणार. म्हणजे ज्याला ठरवायचंय, तो माणूस कुपवाडहून माझ्या गिरणीवरच्या खोलीत अर्ध्या तासात येऊ शकतो.

स्प्रिंट हे सगळ्यावरचं औषध आहे असं समजू नका, माझ्यासारख्या पुण्याहून परतलेल्या लोकांना तसं वाटण्याची खोड असते. दारू सोडवणं, जातीच्या भिंती, घरातली मारहाण, या कामांत विश्वास कमवायलाच वर्षं जातात. तिथं पाच दिवसांचा टायमर लावणं हे उर्मटपणाचं आहे. पंचनाम्याचे पैसे अडले असतील तर पिवळ्या चिठ्ठ्या काही करणार नाहीत, कचेरीतच खेटे घालावे लागतात.

आणि वेळ. ऊसतोड टोळ्यांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला स्प्रिंटसाठी पैसे मिळाले, ते जूनमध्ये खर्च करायचे होते. जूनमध्ये टोळ्या इथं नसतात हो. त्या दिवाळीच्या आगेमागे येतात आणि गाळप संपून पट्टा पडला की जातात. चार दिवस आम्ही छान छान रेखाटलं, शुक्रवारी दाखवायला माणूस नव्हता. मग डिसेंबरात तेवढा शुक्रवार परत केला, संध्याकाळी, कोप्यांवर, म्हणजे टोळ्यांच्या झोपड्यांवर, चुली पेटल्यावर. तिथं पहिल्या पाच मिनिटांत कळलं की आई-बापाला दाखवून उपयोग नाही. मुलं शाळेत बसतील का, हे टोळी आणणारा मुकादम ठरवतो, कारण लहान भावंडाला कोण सांभाळणार हा हिशेब प्रत्येक कोयत्यामागं असतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघंही फडात. आमचा नकाशा सोमवारीच चुकला होता. तेही काही वाया गेलं नाही, पण डिसेंबरचं भाडं-जेवण सरांसारख्याच एका सचिवांनी पदरचं घातलं.

मागणी मोठी नाही. वस्तूला मंजुरी देण्याआधी प्रश्नाला मंजुरी द्या. 'पूरसूचना अ‍ॅप' असं न लिहिता 'कर्नाळ रोडच्या वस्तीनं वेळेत निघावं' असं लिहू द्या आणि पहिला रकाना शुक्रवारनंतर भरू द्या. त्या आठवड्याचा खर्च वेगळा द्या. त्यात चार्टपेपर सगळ्यात स्वस्त असतो. कार्यकर्त्यांचा आठवडाभराचा पगार आणि ज्या पाच जणांचा वेळ घ्यायचा त्यांची त्या दिवसाची मजुरी, एवढं धरलं तरी तुमच्या उद्घाटनाच्या मंडप-फ्लेक्सपेक्षा फार होणार नाही. शुक्रवारी सगळं पडलं आणि संस्थेनं तसं लिहून दिलं, तर तो अहवाल यशाचा धरा, पुढच्या वर्षी तिला दारात उभं करायला हरकत घेऊ नका.

आणि तुमच्यातल्या कुणीतरी येऊन बसा, ज्याला 'ठीक आहे, बदला' म्हणायचा अधिकार आहे असा माणूस. पाचही दिवस जमत नसेल तर सोमवारची सकाळ, बुधवारची दुपार आणि पूर्ण शुक्रवार. शुक्रवारी बोलायचं नसतं, हे आधीच सांगते. मला स्वतःला ते अजून जमत नाही.

पुढचा स्प्रिंट जनावरांच्या जागेवर आहे, काकांचा राहिलेला प्रश्न. मेचा दुसरा आठवडा धरलाय, पावसाळ्याच्या आधी. सोमवारी सकाळी दहा वाजता. गिरणीच्या शेजारून जिना आहे, चपला खालीच काढाव्या लागतात, वर पीठ येतं. टिकल्यांचं एक पाकीट तुमच्यासाठी ठेवलंय. मत तुम्ही सरांच्याही नंतर द्यायचं.

आपली,
सांगलीत संस्थांसाठी डिझाइन स्प्रिंट चालवणारी एक कार्यकर्ती